लाकडी डेकची धुलाई आणि स्टेन: नेमकं काय, किती आणि कधी?

(ऑनलाइन मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अंगण

माझा डेक १६ बाय १२ फूट, प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेलं) पाइन, २००८ चा, ठिकाण मध्य न्यू जर्सी. तीन बाजूंना ३६ इंची कठडा, चार पायऱ्या. आधीच्या मालकांनी लावलेला तांबूस अर्धपारदर्शक स्टेन (लाकडाला लावायचा रंग) दारापासून पायऱ्यांपर्यंतच्या वाटेवर पार उडालाय, तिथलं लाकूड राखाडी पडलंय. कठड्यावर तोच स्टेन बऱ्यापैकी शाबूत आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात हिरवं शेवाळ, ग्रिलखाली तेलकट डाग, तुळशीच्या कुंडीखाली गोल काळं कडं.

प्रश्न असे: धुवायला ब्लीच चालेल का? प्रेशर वॉशर भाड्याने आणू का? स्टेन ऑइल बेस्ड घ्यावा की वॉटर बेस्ड? आणि माल किती लागेल? डब्यांवरची माहिती वाचली आहे, पण प्रत्येक डबा वेगळंच सांगतो.

सुतारपक्षी

रंगाचं नंतर बघू. आधी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकखाली जा.

घराच्या भिंतीला लागून जी आडवी जाड फळी असते ती लेजर. सगळ्या तुळयांची एक बाजू तिच्यावर तोललेली असते. ती भिंतीला बोल्टने किंवा जाड लॅग स्क्रूने आवळलेली आहे ना ते बघा. नुसते खिळे असतील तर स्टेन वगैरे बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करून घ्या. लेजरच्या वर पत्र्याचं फ्लॅशिंग आहे का तेही बघा. ते नसेल तर पाणी भिंत आणि लेजर यांच्या फटीत उतरतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेरून काही कळत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक लेजर, खांबांचे पाय, पायऱ्यांचे आधार आणि तुळयांची टोकं इथे दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम टेकतं. पाव इंचाहून जास्त सहज आत गेलं आणि लाकूड ओलसर, भुसभुशीत लागलं तर ती जागा कुजली आहे.

मग वरून. वर आलेले खिळे हातोडीने परत ठोकू नका, त्यांचं भोक सैल झालेलं असतं, पुढच्या हिवाळ्यानंतर ते पुन्हा वर येतात. उपटून त्याच जागी डेक स्क्रू घाला: सव्वा इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या फळीला अडीच इंची, दोन इंचीला तीन इंची. स्क्रू स्टेनलेस किंवा ट्रीटेड लाकडासाठीच्या कोटिंगचे हवेत. ट्रीटमेंटमधलं तांबं साध्या जस्ताचा मुलामा खातं.

एखादी फळी वरून चिरली असेल पण खालून धड असेल तर उलटून बसवा. नवी फळी घेण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे.

कुसळ

वर एक जोड. तुमचा डेक २००८ चा आहे म्हणून ठीक, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: अमेरिकेत घरगुती कामासाठी सीसीए नावाची ट्रीटमेंट २००३ च्या अखेरीस बंद झाली. त्यात आर्सेनिक असतं. त्याआधीच्या हिरवट लाकडाच्या डेकवर सँडर चालवू नका, त्याचे तुकडे जाळू नका, शेकोटीत तर अजिबात नको. असा डेक साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि त्यावर स्टेन लावायचा, सँडरने घासायचा नाही.

आता ब्लीच. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच बुरशी मारतं, हे खरं. पण राखाडी थर त्याने निघत नाही, कडक द्रावण लाकडातलं लिग्निन (तंतू धरून ठेवणारा घटक) खातं आणि तंतू मोकळे सुटतात. वाळल्यावर हात फिरवला की पांढरट लव लागते. शिवाय स्क्रू गंजतात आणि खालची झाडं करपतात. ब्लीचचा उपयोग फक्त निदानापुरता: काळ्या ठिपक्यावर एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर ती बुरशी. तसाच राहिला तर मळ किंवा लोखंडाचा डाग. दोघांची औषधं वेगळी, म्हणून ही तपासणी करायची.

खऱ्या धुलाईला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचची पावडर. एका गॅलन कोमट पाण्यात ६ ते ८ औंस. गार पाण्यात ती नीट विरघळत नाही. एक गॅलन द्रावण साधारण १०० चौरस फुटांना पुरतं, तेव्हा तुमच्या फरशीला दोन गॅलन, पायऱ्या धरून अडीच. द्रावण लागेल तेव्हाच करा आणि उरलेलं बाटलीत झाकण लावून ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुटते.

लाकूड आधी साध्या पाण्याने भिजवा. मग द्रावण पंप स्प्रेयरने मारा, १५ ते २० मिनिटं राहू द्या आणि या वेळात ते सुकू देऊ नका. कडेने सुकायला लागलं की वरून पुन्हा हलका फवारा. फेस तपकिरी झाला म्हणजे राखाडी थर सुटतोय. लांब दांड्याच्या ताठ नायलॉन ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश किंवा स्टील वूल नको, त्यांचे कण लाकडात अडकून काळे ठिपके पडतात.

अंगण

हे भारीच. पण कठड्यावर जुना स्टेन शाबूत आहे, तो परकार्बोनेटने निघेल का? की तसाच ठेवून वरून नवा लावू?

कुसळ

तो कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून. फडक्यावर डीनेचर्ड अल्कोहोल घेऊन एका कोपऱ्यात जोरात चोळा. रंग मऊ होऊन फडक्याला लागला तर बहुधा वॉटर बेस्ड ॲक्रिलिक. काहीच झालं नाही तर बहुधा ऑइल. नखाने पापुद्रा सुटतो का तेही बघा. जो पापुद्र्यासारखा सुटतो त्याच्यावर नवा स्टेन लावून उपयोग नाही, नवा जुन्यालाच घेऊन उतरतो.

झिजलेला ऑइल स्टेन परकार्बोनेटने बराचसा जातो. वॉटर बेस्डला सोडियम हायड्रॉक्साइडचं स्ट्रिपर लागतं. ते तयार घ्या, प्रमाण डब्यावरचंच पाळा, नायट्राइलचे लांब हातमोजे आणि गॉगल घाला. त्याने फरशी साबणासारखी निसरडी होते, म्हणून चालताना जपून. सॉलिड स्टेन, म्हणजे ज्यातून लाकडाच्या रेषा दिसतच नाहीत तो, रसायनाने क्वचितच पुरता निघतो. तिथे सँडरला पर्याय नाही.

स्ट्रिपर वापरा की परकार्बोनेट, त्यानंतर ब्राइटनर, म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड, लावायचाच. हे लोक सोडून देतात आणि मग स्टेन डागडागी दिसतो. धुलाईची रसायनं अल्कलाइन असतात, त्यांनी लाकूड काळवंडतं. ऑक्झॅलिक ॲसिड ते उदासीन करतं आणि लोखंड-टॅनिनचे काळे डागही उचलतं. एका गॅलनला ४ औंस, ओल्या लाकडावर फवारून १० ते १५ मिनिटं, मग भरपूर पाणी. घासायची गरज नाही. रंग डोळ्यांदेखत उजळतो. तुळशीच्या कुंडीखालचं कडं याच टप्प्यात जाईल, कदाचित त्या जागी दोनदा लावावं लागेल.

धुलाईचं द्रावण पुरतं धुतल्याशिवाय त्यावर ॲसिड मारू नका. आणि क्लोरीन ब्लीचशी ॲसिड किंवा अमोनिया कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

निळासावळा

ग्रिलखालच्या तेलासाठी: हे सगळं सुरू करण्याआधी डागावर कॅट लिटर पसरून रात्रभर ठेवा, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. तेल राहिलं तर त्या जागी स्टेन मुरतच नाही, फिका गोल दिसत राहतो. ग्रिलखाली मॅट टाकणार असाल तर हवा खेळेल अशी घ्या, रबरी मॅटखाली पाणी साचतं.

झाडांबद्दल: हायड्रेंजिया वगैरे डेकला लागून असतील तर आधी पानं आणि माती पाण्याने भिजवा, काम चालू असताना मधूनमधून भिजवत राहा. प्लास्टिक टाकलं तर काम संपताच काढा, उन्हात आत झाडं उकडतात. तुळस आणि बाकीच्या कुंड्या दोन-तीन दिवस दुसरीकडे हलवा. परत ठेवताना कुंडीखाली पायांचं स्टँड असू द्या, थेट फळीवर नको.

रंधा

प्रेशर वॉशर चालेल, पण तो द्रावण आणि सुटलेला मळ धुवायला. नुसत्या पाण्याच्या जोराने राखाडीपणा घालवायला गेलात तर पाइनचा मऊ भाग खरवडला जातो, कडक रेषा उंच राहतात आणि फळी नांगरल्यासारखी दिसते. पाइनला ५०० ते ६०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) पुरे, आयपेसारख्या कडक लाकडाला फार तर १२०० ते १५००. भाड्याची पेट्रोलवरची यंत्रं सहज ३००० पर्यंत जातात, म्हणून घरगुती इलेक्ट्रिक बरं. नोझल ४० अंशी पंख्याचं, शून्य अंशी कधीच नको. टोक लाकडापासून साधारण १२ इंच. ट्रिगर फळीच्या बाहेर दाबायचा, मग फळीच्या लांबीने एकसारखं न्यायचं. फळीवरच सुरू-बंद केलंत तर तिथे खळगा पडतो आणि स्टेन लावल्यावर तो आणखी उठून दिसतो.

ओटी

मी तर म्हणेन वॉशर आणूच नका. १९२ चौरस फुटांसाठी ब्रश आणि बागेचा पाइप पुरे. पाणी कमी मुरतं, लाकूड लवकर वाळतं. वॉशरचं पाणी फटींतून तुळयांच्या माथ्यावर आणि लेजरमागे घुसतं, ते वेगळंच.

रंधा

फरशीपुरतं मान्य. कठड्याचे बारीक खांब ब्रशने चारी बाजूंनी घासणं मात्र वेळखाऊ आहे. तिथे कमी दाबाचा वॉशर उपयोगी पडतो. भिंतीकडे तोंड करून फवारायचं नाही एवढं पाळा.

सँडिंगबद्दलही लिहितो. वाळल्यावर कुसळं उभी असतील तर ६० ते ८० ग्रिटच्या पॉलिश पेपरने हलका हात. त्याहून बारीक पॉलिश पेपर नको, लाकडाची छिद्रं बुजतात आणि स्टेन वरच राहतो. कठड्याचा वरचा हात, जिथे तळवा फिरतो, तिथे १०० चालेल. घासण्याआधी प्रत्येक खिळ्याचं डोकं खाली आहे ना ते बघा. मास्क हवाच, ट्रीटमेंट कुठलीही असो. नंतर ब्लोअरने भुसा उडवा, फटींतला सुद्धा, तो राहिला तर पहिल्या पावसात ओला होऊन तिथेच कुजतो.

सुतारपक्षी

आता वाळवणं. जितके डेक मी पोपडे धरलेले बघतो, त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच असतं. वरून कोरडी दिसणारी फळी आत ओली असते. वर थर बसला की ऊन आतलं पाणी वाफ करून वर ढकलतं आणि थर सुटतो.

धुतल्यावर किमान ४८ तास कोरडी हवा. दोन टोचण्यांचा मॉइश्चर मीटर मिळतो, तो १५ टक्क्यांच्या खाली दाखवेपर्यंत डबा उघडू नका. टोचण्या रेषेच्या दिशेने खुपसा आणि उत्तरेचा कोपरा, पायऱ्या, भिंतीलगतची फळी अशा ठिकाणी बघा, उन्हातल्या फळीवर नव्हे. मीटर नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. काही सेकंदांत पसरून शोषले गेले तर लाकूड घ्यायला तयार आहे. मणी होऊन बसले तर जुना स्टेन शिल्लक आहे किंवा लाकूड अजून ओलं आहे.

पण वाळलं म्हणून महिनाभर थांबूही नका. मॅडिसन, विस्कॉन्सिन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने दाखवून दिलंय की उघडं लाकूड काही आठवडे उन्हात राहिलं तरी रंगाची पकड घटते. ऊन वरचं लिग्निन मोडतं, मग स्टेन धरतो तो मेलेल्या तंतूंना, आणि ते तंतू स्वतःच सुटे असतात. स्वच्छ, कोरडं झालं की त्याच आठवड्यात लावा.

पावसाळी

सिएटलकडच्या लोकांसाठी: इथे हे सगळं जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच. शेवाळ वसंतात धुऊन टाकलं तरी लाकूड १५ टक्क्यांवर यायला जुलै लागतो.

वाळवंट

आणि टेक्सासवाल्यांनी सकाळी, डेक सावलीत असताना. हवा ५० ते ९० अंश फॅरनहाइटमध्ये हवी असं डब्यावर असतं, पण उन्हात फळी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तळवा आरामात ठेवता येत नसेल तर थांबा. स्टेन मुरायच्या आत वाळतो आणि जोडपट्टे दिसतात.

कुसळ

न्यू जर्सीत मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत, किंवा सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये ओकचा पिवळा पराग ओल्या स्टेनवर चिकटतो. सप्टेंबरात दुपारनंतर नवीन फळी सुरू करू नका, संध्याकाळी दव पडतं. पुढे २४ ते ४८ तास पाऊस नको.

ऑइल की वॉटर, याचं उत्तर: फरशीवर मुरणारा स्टेन लावा, थर धरणारा नको. आडव्या पृष्ठभागावर ऊन, पाणी, बर्फ, पाय असं सगळं सरळ वरून येतं. थर कितीही चांगला असला तरी तडकतो आणि मग पोपडे खरवडत बसावं लागतं. मुरणारा स्टेन फक्त फिका होतो. धुऊन पुन्हा लावला की झालं. म्हणून माझं मत ऑइल बेस्ड, अर्धपारदर्शक. न्यू जर्सीत व्हीओसीची (हवेत उडून जाणाऱ्या रसायनांची) मर्यादा लिटरला २५० ग्रॅम आहे, त्यामुळे हल्लीचे ऑइल स्टेन घट्ट असतात आणि जास्त लावले तर वरच बसतात. पूर्ण पारदर्शक घेऊ नका. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, तेच नसेल तर वर्षभरात राखाडी. आणि ट्रीटेड म्हणजे काही करायला नको असं नाही. ट्रीटमेंट कुजणं आणि किडीपासून वाचवते, ऊन आणि तडे यांच्यापासून नाही.

वॉटर बेस्डची रंग टिकवण्याची क्षमता चांगली असते आणि बुरशी कमी धरते. पण जुना ऑइल स्टेन पूर्ण काढला असेल तरच.

रंधा

मालाचा हिशोब. फरशी १९२ चौरस फूट. पायऱ्या सुमारे २०. कठड्यात सगळे फसतात. तुमचा कठडा पायऱ्यांची जागा सोडून अंदाजे ३६ फूट लांब, ३ फूट उंच. दीड इंची चौकोनी खांब, मध्यापासून मध्यापर्यंत ५ इंच. एका खांबाचा घेर ६ इंच, म्हणजे दर ५ इंचांना ६ इंच लाकूड रंगवायचं. ३६ × ३ × १.२ म्हणजे १३० चौरस फूट, वरखालच्या पट्ट्या आणि जाड खांब धरून १८० च्या आसपास. जवळजवळ फरशीइतकंच! एकूण ३९० धरा.

डब्यावर गॅलनला ३०० चौरस फूट लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत लाकडासाठी. जुनं, धुतलेलं पाइन १५० ते २०० मध्ये पितं. तेव्हा ३ गॅलन घ्या. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, डब्याडब्यात रंगाचा फरक असतो. तळाशी बसलेलं रंगद्रव्य काठीने खरवडून ढवळा आणि दर अर्ध्या तासाला पुन्हा.

ओटी

लावण्याची रीत, कारण इथे घाई होते. आधी कठडा, मग फरशी, शेवटी पायऱ्या. फरशीला दाराजवळून नाही, लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात. एका वेळी दोन-तीनच फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. मध्येच थांबलात तर वाळलेल्या कडेवर ओला स्टेन चढतो आणि गडद पट्टा कायमचा राहतो. पॅडने किंवा चार इंची ब्रशने लावा. स्प्रेयर वापरलात तर मागून लगेच ब्रश फिरवा. फटींच्या आतल्या कडा बारीक ब्रशने, आणि फळ्यांची कापलेली टोकं दोनदा, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितात.

मग पंधरा-वीस मिनिटांनी तिरक्या उजेडात बघा. जिथे चकाकतंय तिथे जास्त झालंय, फडक्याने पुसून घ्या. दुसरा हात हवाच असेल तर ऑइलमध्ये तो पहिला ओला असतानाच. पहिला वाळला की लाकूड बंद होतं आणि दुसरा वरच राहून चिकट होतो.

तेलाची फडकी बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका. जवसासारखं वाळणारं तेल हवा घेताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. बाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

माडाची_सावली

रत्नागिरीजवळ घरापुढे सागाचा मोकळा डेक आहे, छप्पर नाही. इथे बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, सुचवतात. काहीजण काजूच्या टरफलाचं तेल म्हणतात. चालेल का?

सुतारपक्षी

नुसतं जवसाचं तेल कोकणच्या हवेत बुरशीला खाद्य होतं, पहिल्याच पावसाळ्यात काळं पडतं. बुरशीनाशक आणि रंगद्रव्य असलेलं बाहेरच्या लाकडाचं तेल घ्या. साग स्वतः तेलकट आहे, हात अगदी पातळ लावा आणि पुसून घ्या. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना ठीक, पण ते गडद आणि त्वचा भाजणारं. जिथे अनवाणी पाय पडतात तिथे नको.

धुलाई वर लिहिली तशीच. ऑक्झॅलिक ॲसिड तुमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. काम दिवाळीनंतर, लाकूड वाळलं की. फळ्यांत पांढरट कडा दिसत असतील तर तो गाभ्याबाहेरचा भाग, सागाचा असला तरी वाळवी त्याला सोडत नाही. तिथे खालच्या बाजूनेही वाळवीप्रतिबंधक लावा.

अंगण

सर्वांचे मनापासून आभार. लेजरला बोल्ट आहेत, फ्लॅशिंगही आहे. कठड्यावरचा स्टेन अल्कोहोलने हलला नाही, म्हणजे ऑइल. परकार्बोनेट, ऑक्झॅलिक, मीटर, तीन गॅलन अशी यादी केली. शेवटचा प्रश्न: पुढे किती वर्षांनी? आणि बर्फ काढताना काय?

रंधा

बर्फाला प्लास्टिकचं फावडं, फळ्यांच्या लांबीने. आडवं चालवलं की प्रत्येक कडेला ठेचतं. पानगळीत फटींत अडकलेली पानं पुट्टी नाइफने काढा, ती ओली राहून तुळयांचे माथे कुजवतात.

वर्षं मोजू नका. दर वसंतात वाटेवर आणि कठड्यावर थेंब टाकून बघा. फरशी बहुधा दोन वर्षांनी मागेल, तेव्हा फक्त फरशी धुवा, ब्राइटनर मारा आणि एकच पातळ हात द्या. कठडा त्याच्या दुप्पट चालतो, फरशीबरोबर त्यालाही लावत बसू नका, नाहीतर थरावर थर चढून तो चिकट होईल. उरलेल्या स्टेनच्या डब्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून तो गोठणार नाही अशा जागी ठेवा.